काचा धुवायचा लांब दांड्याचा ब्रश कुठला घ्यावा? (नायलॉन की केसाळ की आणखी काही)

काचवाला_वाकड | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं छोटंसं क्लीनिंगचं काम आहे, वाकड-हिंजवडी साईडला. मी धरून पाच जण. तीन वर्षं फ्लॅटचं डीप क्लीनिंग, सोफे, पाण्याच्या टाक्या, पझेशनच्या आधीची साफसफाई असलंच करत आलो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एका कमर्शियल बिल्डिंगच्या बाहेरच्या काचा मिळाल्या. तळमजला अधिक तीन, पुढून सगळी निळसर रिफ्लेक्टिव्ह काच. दोरीवर लटकून काचा धुणार्‍यांना विचारलं तर त्यांचाच रेट माझ्या कोटेशनच्या वर, म्हणून मी डोकं चालवलं आणि तीस फुटी अ‍ॅल्युमिनियमचा दांडा नि सोलर पॅनल धुवायचा अठरा इंची ब्रश ऑनलाईन मागवला, तो पाईप जोडला की ब्रशमधूनच पाणी येतं तसला. म्हटलं जेवढा रुंद ब्रश तेवढं काम लवकर.

झालं असं की पहिल्या दिवशी संध्याकाळी खालून बघितलं तर काच चकाचक, मी फोटो काढून स्टेटसलापण टाकला. दुसर्‍या दिवशी सकाळी मालकाचा फोन, काचेवर तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. परत धुतलं, परत ठिपके. दोन पोरांचे खांदे गेले, एक तर दोन दिवस आलाच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या मजल्याच्या दोन काचांवर बारीक चरे, धनुष्यासारखे वाकडे, ऊन तिरकं आलं की दिसतात. मालकानं बिलातनं चार हजार कापले. बोलायला तोंडच नव्हतं.

आता तसलंच दुसरं काम येतंय. यूट्यूबवर बघितलं तर कोणी नायलॉन म्हणतं, कोणी बोअर हेअर, कोणी फाटक्या टोकाचा, एकेकाची किंमत बघून घेरी येते. ब्रशसाठी फारतर सात-आठ हजार घालू शकतो. कुठला घेऊ?

---

वाचनमात्र_नाना | शनिवार, रात्री ११:०५

वर्तमानपत्राचा कागद नि थोडं रॉकेल. आमच्या वडलांनी आयुष्यभर तेच केलं. ब्रशबिश सगळे चोचले.

---

काचवाला_वाकड | शनिवार, रात्री ११:०८

नाना, तिसर्‍या मजल्यावर पेपर घेऊन तुम्ही येता का, हजेरी देतो.

---

लेस्टरचा_लेले | रविवार, पहाटे २:३०

(इकडे अजून शनिवारच आहे.) अरे वा, माझ्या धंद्याचा धागा इथे निघेल असं वाटलं नव्हतं. मी मूळचा चिंचवडचा, इकडे अकरा वर्षं खिडक्याच धुतो. हो, इंजिनियर होऊन. ते सोडा.

आधी थोडं मागचं सांगतो. इंग्लंडात पूर्वी सगळे शिडीवर चढून धुवायचे. २००५ ला उंचीवरच्या कामाचे कायदे कडक झाले आणि पुष्कळ लोकांनी शिड्या टाकून दांडे धरले. दांड्यातनं शुद्ध पाणी वर जातं, ब्रशनं घासायचं, त्याच पाण्यानं खळबळायचं आणि सोडून द्यायचं. पुसायचंच नाही. काच आपोआप वाळते. पुसायचं नाही म्हणजे पाण्यात काही असून चालत नाही, कारण पाणी उडून जातं, क्षार काचेवरच बसतात. तुझे तांदूळ हेच. ब्रशचा त्यात काही गुन्हा नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, आहे का? नसेल तर ब्रशच्या आधी तो घे, दोन-तीनशे रुपयाला मिळतो.

आता ब्रश. मी नवीन पोरांना एकच प्रश्न विचारतो, ही काच शेवटची कधी धुतली होती? माझी ठरलेली घरं आहेत, दर सहा आठवड्यांनी जातो, तिथं मऊ ब्रश फिरवला तरी पुरतं. पण जी काच दोन वर्षं कोणी धुतली नाही तिला मऊ ब्रश म्हणजे नुसतं गोंजारणं. तिथं कडक पाहिजे. त्यामुळे एक ब्रश घेऊन सगळं होईल ही आशा सोड, दोन लागतात.

केस कसले ते आता. साधं नायलॉन, सरळ कापलेल्या टोकांचं, टिकाऊ, पाणी पीत नाही, फ्रेम नि जाळी-कोळिष्टकं चांगली निघतात. दुसरं त्याच नायलॉनची टोकं फाडलेली असतात, एका काडीची चार-पाच तुसं होतात, फुलझाडूसारखं. ते जास्त पाणी धरतं आणि काचेवरून सरकतं मस्त, पण चिकटलेला मळ त्यानं निघत नाही. तिसरा बोअर, म्हणजे रानडुकराचे, आता बहुतेक पाळीव डुकरांचेच, केस. घासायला त्याच्यासारखा नाही, पक्ष्याची घाण झक्कास निघते, पण महाग, पाणी पिऊन जड होतो आणि लवकर झिजतो, खरखरीत भिंतीला लागला की संपलाच. आणि मिक्स येतो, मध्ये केस, बाहेरनं नायलॉन. मी पहिल्या धुण्याला मिक्स वापरतो.

पण खरं दुखणं तुझं अठरा इंच हे आहे. तीस फुटाच्या टोकाला शंभर ग्रॅम जास्त म्हणजे खांद्याला काय वाटतं ते तुझ्या पोरांना विचार. इकडे घरांना आम्ही दहा इंची वापरतो, मोठ्या सपाट काचेला बारा-चौदा, अठरा फक्त दुकानांच्या खालच्या काचांना. रुंद ब्रश जड, आणि जड ब्रश पोरगं वर दाबू शकत नाही, मग घासलं जातंच कुठे.

---

काचवाला_वाकड | रविवार, सकाळी ८:१५

लेलेसाहेब दंडवत. पाणी बिल्डिंगचंच घेतलं होतं, बोअरवेल नि टँकर मिक्स. मीटर आमच्या आरओवाल्याकडनं आणतो आज.

डुकराच्या केसांचं बरं सांगितलंत. माझ्याकडे दोन पोरं मुस्लिम आहेत. वापरतील न वापरतील तो त्यांचा प्रश्न, पण न सांगता हातात देणं मला पटत नाही. पाकिटावर कुठे लिहिलेलं असतं का?

---

लेस्टरचा_लेले | रविवार, दुपारी १२:४०

लिहिलेलं असतं पण बारीक, आणि कधी नुसतं 'नॅचरल' एवढंच लिहितात. नॅचरल म्हणजे बहुतेक वेळा बोअर समजून चाल. विचारूनच घे. आणि खरं सांगू का, नायलॉनवर आयुष्य काढणारे इकडेही भरपूर आहेत, अडत काहीच नाही. भिजवून ठेवायला दोन मिनिटं जास्त लागतात एवढंच.

---

सोलर_संत्रानगरी | रविवार, दुपारी १:१०

भाऊ मी नागपूरचा, सोलर पॅनल धुवायचं काम करतो, त्यामुळे त्या अठरा इंचीची बाजू मलाच घ्यावी लागंल. तो ब्रश खराब नाही, तुम्ही चुकीच्या जागी वापरून राहिले. पॅनल तिरपं पडलेलं असते, ब्रशचं वजन पॅनलवर टेकते, माणसाला फक्त ढकलायचं असते. उभ्या काचेवर तोच ब्रश माणसाला उचलून धरावा लागते. म्हणून तुमच्या पोरांचे खांदे गेले.

आणि एक, भर उन्हात धुतलं असंल तुम्ही. आम्ही उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला सुरू करतो नि आठच्या आत पॅकप. तापलेल्या काचेवर पाणी मारलं तर ते खाली वाहायच्या आत जागेवरच वाळते, मग कितीबी चांगला ब्रश आणा.

---

काचवाला_वाकड | रविवार, दुपारी १:२२

साडेअकरा ते चार. पश्चिमेची बाजू. हात जोडतो भाऊ.

---

सुलभा_फॅसिलिटी | रविवार, दुपारी ४:०५

मी ठाण्यात एका आयटी पार्कला फॅसिलिटी मॅनेजर आहे, म्हणजे तुमच्या त्या मालकाच्या बाजूची बाई समजा :) चर्‍यांबद्दल बोलते कारण आमच्याकडे हे भांडण वर्षाला एकदा होतंच.

पहिलं, नायलॉननं काच चरत नाही. काच नायलॉनपेक्षा कितीतरी कडक. कडकपणा मोजायच्या मोहच्या पट्टीवर काच साडेपाच-सहाच्या आसपास, पण वाळूतलं क्वार्ट्झ सात. म्हणजे ब्रशमध्ये अडकलेला वाळूचा एक कण काचेला कापतो, ब्रश फक्त त्याला फिरवतो. तुमचे चरे धनुष्यासारखे आहेत म्हणताय, तोच पुरावा, दांडा खालून धरून ब्रश हलवला की असाच कमानीत फिरतो. शेजारी कुठे बांधकाम, प्लास्टर चालू होतं का? पहिल्या मजल्यावरच चरे म्हणजे ब्रश आधी जमिनीवर टेकवलेला असणार.

दुसरं, रिफ्लेक्टिव्ह काचेचं कोटिंग कुठल्या बाजूला आहे ते काम घ्यायच्या आधी बघत जा. बहुतेक ठिकाणी आतल्या बाजूला असतं पण काही बिल्डिंगांना बाहेरून पण लावलेलं असतं आणि मग तिथला चरा हा काचेवरचा नाही, कोटिंगवरचा, तो कुठल्याही पॉलिशनं जात नाही. बघायची सोपी पद्धत, पेनाचं टोक काचेला टेकवा आणि आरशातल्यासारखं जे ठळक प्रतिबिंब दिसतं ते बघा. टोक नि प्रतिबिंब एकमेकांना चिकटलेलं दिसलं तर कोटिंग तुमच्याच बाजूला. मध्ये काचेच्या जाडीएवढी फट दिसली तर पलीकडे. बाहेर कोटिंग असेल तर ब्लेड नाही, स्क्रबर नाही, घासायचा पांढरा पॅडसुद्धा नाही, फक्त फाटक्या टोकाचा मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. आणि आधी एका कोपर्‍यात करून बघायचं, फोटो काढायचा, आमच्यासारख्यांची सही घ्यायची. सही घ्याच. मी नाही दिली तर काम करू नका.

---

काचवाला_वाकड | रविवार, दुपारी ४:४०

ताई, शेजारी कंपाउंडचं प्लास्टर चालू होतं. आणि हो, पोरं जेवायला बसली तेव्हा ब्रश खाली, तोंड खाली करून, वाळूशेजारी. आत्ता डोळ्यासमोर आलं. चार हजाराची पोळी-भाजी झाली ती.

---

केमिस्ट_बाबू | रविवार, संध्याकाळी ६:३०

पाण्याबद्दल कोणी आकडे देत नाहीये म्हणून मी देतो. ६०० टीडीएस म्हणजे एका लिटरमध्ये ६०० मिलिग्रॅम विरघळलेला ऐवज. धुवून झाल्यावर एक चौरस मीटर काचेवर ५० मिली पाणी चिकटून राहिलं धरा, पाव वाटी, तर वाळल्यावर ३० मिलिग्रॅम पांढरी पूड काचेवर. ती पसरून बसत नाही, थेंब जिथे आटतो तिथे गोळा होते, म्हणून ठिपके. पिण्याच्या पाण्याला आपलं मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. न पुसता सोडायच्या काचेला १० च्या वर गेलं की काळ्या-निळ्या काचेवर दिसायला लागतं, शून्य उत्तम.

शून्य करायला मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे क्षार धरून ठेवणारे बारीक दाणे, लागतं, पण बोअरवेलचं पाणी थेट रेझिनवर घालू नका, दिवाळं निघेल. सरळ हिशोब आहे, टीडीएस पाचपट तर रेझिन पाचव्या हिश्श्याचंच पाणी देणार. आधी आरओ, मग रेझिन. घरगुती आरओ नव्वद टक्क्यांच्या वर काढतो, ६०० चे साठपर्यंत येतात, पण तो तासाला दहा-पंधरा लिटरच देतो. म्हणून आदल्या संध्याकाळपासून दोनशे लिटरच्या ड्रमात भरत ठेवायचं. ब्रशला मिनिटाला दीड-दोन लिटर पुरतात, म्हणजे एक ड्रम दीड-दोन तास जाईल.

आणि कोणी सांगितलं की अ‍ॅसिड मारा, डाग जातात, तर त्याच्या हातची चहासुद्धा घेऊ नका. त्या 'स्टेन रिमूव्हर'च्या काही बाटल्यांत हायड्रोफ्लुरिक असतं. ते काच खातं, अ‍ॅल्युमिनियमचं फिनिश खातं आणि कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं.

---

दोरीवरचा | रविवार, रात्री ९:२०

आम्हाला महाग म्हणून सोडलं ना राव, मग भोगा :D मस्करी करतोय. मी मुंबईत रोप अ‍ॅक्सेसवर आहे, लोकं स्पायडरमॅन म्हणतात. आमचं ब्रशचं गणित वेगळं. आम्ही काचेच्या समोरच लटकतो, त्यामुळे दांडा नाय, कापडी स्लीव घातलेला टी-बार आणि वायपर. बादलीत दोन थेंब साबण. ब्रश फक्त फ्रेमच्या खाचेला, तो पण छोटा आणि हाताला दोरीनं बांधलेला. न बांधलेला ब्रश वीसाव्या माळ्यावरनं सुटला तर खालच्या माणसाला तो दगडच.

तुझ्यासाठी एकच. अ‍ॅल्युमिनियमचा ओला दांडा म्हणजे करंटची तार. बिल्डिंगच्या बाजूनं लाईन गेली असेल तर तिथं उभाच राहू नको, आणि कार्बनचा दांडा घेतलास तरी तोही करंट घेतो, लोकांना वाटतं प्लास्टिकसारखं काहीतरी आहे. ब्रश चार हजार कापून घेईल फार तर. लाईन काय कापेल बघ.

---

लेस्टरचा_लेले | सोमवार, पहाटे ३:१५

दोरीवाल्या भावाला शंभर टक्के अनुमोदन. इकडे पण दांडे लाईनला लागून माणसं गेलीत.

वायपर काढलास म्हणून एक अवांतर. तो एका पट्टीचा हलका पितळी वायपर आपण सगळे वापरतो ना, त्याचं पेटंट एटोरे स्टेकोने म्हणून इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एका खिडक्या धुणार्‍यानंच १९३६ साली घेतलं. आधीचे वायपर म्हणे जडच्या जड, स्क्रू खोलून रबर बदलायचे. म्हणजे वजनाचं रडगाणं आपलंच नाही.

काचवाल्या, जेट, म्हणजे ब्रशमधनं पाणी सोडणारी तोंडं, राहिले सांगायचे. बारीक धारेचे दोन जेट असतील तर काच एका धारेत धुतली जाते, मध्ये पट्टे राहतात, त्यामुळे ब्रश उचलून दोनदा फिरवावा लागतो. पंख्यासारखे उडणारे जेट असतील तर पडदा पडल्यासारखं पाणी येतं पण प्रेशर जरा जास्त लागतं. कुठले घ्यायचे ते काच सांगते. धुतल्यावर पाणी चादरीसारखं पसरून खाली उतरलं तर बारीक जेट बस झाले आणि ब्रश काचेवर ठेवूनच खळबळता येतं. पण काचेवर सिलिकॉन किंवा कसलं कोटिंग असेल तर पाण्याचे मणी होतात, मग प्रत्येक मणी स्वतःचा ठिपका ठेवून जातो, तिथं पंखा जेट नि फाटक्या टोकाचा ब्रश.

आणि दाबायचं नाही. नवीन पोरगं पहिल्या दिवशी ब्रश असा दाबतं की केस दुमडून आडवे होतात, मग टोक काचेला लागतच नाही, कुशीनं घासलं जातं. घासतं ते टोक. टूथब्रशचं पण तेच, माझी बायको रोज सांगते.

शेवटचं म्हणजे वरची फ्रेम. आधी वरची फ्रेम घास, पाणी मार, तिथनं पुढे सरक, पुढच्या दोन काचांच्या फ्रेमा कर, मग मागे येऊन पहिल्या काचेला हात घाल. फ्रेमच्या रबरात साठलेलं मळकं पाणी निथळायला वेळ लागतो, घाई केलीस तर तू गेल्यावर ते तुझ्या स्वच्छ काचेवरून ओघळतं आणि ठिपक्यांचं खापर परत ब्रशवर.

---

मांडवीकाठची | सोमवार, सकाळी १०:००

आमच्या गोव्यात मळ म्हणजे धूळ नाही, खारट वारं. समुद्राकडच्या व्हिलांच्या काचा हाताला चिकट लागतात. तिथे मी घासायच्या आधी नुसतं पाणी मारून पाच मिनिटं थांबते, मीठ विरघळून जातं, मग मऊ ब्रश पुरतो. सुक्या मिठावर ब्रश फिरवला तर सगळं सारवल्यासारखं होतं. पावसाळ्यानंतर फ्रेमला जे हिरवं-काळं धरतं त्याला मात्र कडकच हवा.

आणि गंमत म्हणून सांगते, जुन्या घरात काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्यांच्या खिडक्या असतात, त्याला दांडाबिंडा काही नाही, रंगार्‍याचा सर्वात मऊ ब्रश कोरडाच आणि मग जरासं ओलं फडकं. मी एकदा मदतीला आलेल्या मुलाला पाईप घेऊन तिथे जाताना बघितलं आणि मी जी ओरडले ती शेजार्‍यांनी ऐकली.

---

वाचनमात्र_नाना | सोमवार, सकाळी १०:३०

पेपरचं कोणीच काही बोललं नाही.

---

सुलभा_फॅसिलिटी | सोमवार, सकाळी १०:४५

नाना, पेपर आतल्या आरशाला छान. बाहेर नको. रॉकेल कुठेच नको.

---

काचवाला_वाकड | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ११:३०

मंडळी, उशीर झाला पण काम केल्याशिवाय लिहायचं नाही ठरवलं होतं.

मीटर लावला. बिल्डिंगच्या नळाला ६८०. आमचा आरओवाला म्हणाला या एरियात टँकर बदलला की आकडा बदलतो, म्हणून तिथलं पाणी घ्यायचंच नाही ठरवलं. केमिस्ट बाबूंनी सांगितल्याप्रमाणे ड्रम भरला, आरओनंतर ५२ आलं, रेझिनची एक बाटली जोडल्यावर ००१. मीटरवर ००१ बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ब्रश दोन घेतले. एक दहा इंची सरळ नायलॉन, बाहेरचे केस लांब नि आतले आखूड, दुसरा बारा इंची फाटक्या टोकाचा, पंखा जेटवाला. दोन्ही मिळून सात हजार दोनशे. केसाळ घेतलाच नाही. पोरांना विचारलं होतं, एक म्हणाला मला चालतं, दुसरा काही बोलला नाही, गप्प बसला. मग मी विषय तिथेच सोडला.

कोपर्‍यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर तिन्ही ब्रश मोजले. अठरा इंची कोरडा १ किलो १५०, भिजवून, झटकून १ किलो ६००. दहा इंची कोरडा ४८०, ओला ६१०. मावशी म्हणाल्या वांगी घे नाहीतर काटा सोड. अर्धा किलो वांगी घेतली.

मग जुन्या मालकाकडे गेलो, म्हटलं पश्चिमेची बाजू फुकट करून देतो, मला शिकायचंय. पेनाचं टोक लावलं, फट दिसली, म्हणजे कोटिंग आत. जीव भांड्यात पडला. सकाळी साडेसहाला सुरू केलं. पाणी मारलं तर सगळ्या काचेवर मणी, लेलेसाहेब म्हणाले तस्सं. तिथं बारा इंचीच भारी पडला, सरकतो काय मस्त, लोण्यासारखा. पण वरच्या कडेला कबुतरांनी जे करून ठेवलंय त्याला त्यानं काही होईना, नुसतं पसरवत होता. तिथं दहा इंची सरळ नायलॉन. आणि त्या वाळलेल्या घाणीत पण खडे-वाळू असते, म्हणून घासायच्या आधी भिजवून भिजवून पाडलं, दोन-दोन मिनिटं. एवढं वर नेम धरून पाणी मारत उभं राहायला मान मोडते, त्यावर उपाय असेल तर सांगा.

दांड्याच्या टोकाला तिरकं वळण असलेला जोड लावला ते फार कामाचं निघालं, कोणी सांगितलं नव्हतं, दुकानदारानं दिला. सरळ दांड्याला ब्रशची वरचीच कड काचेला लागत होती, आता पूर्ण टेकतो.

जमिनीवर ब्रश ठेवायचा नाही म्हणून गाडीला एक हूक ठोकलाय. तरीपण दर दोन काचांनंतर ब्रश बादलीत खळबळून तळाशी बघायचं, पहिल्या दिवशी बादलीच्या तळाला जी वाळू बसलेली दिसली ती बघून पोरांना वेगळं सांगायला लागलं नाही.

ठिपके? दुसर्‍या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन उभा राहिलो, ऊन तिरकं यायची वाट बघत. दुसर्‍या मजल्याच्या दोन काचांवर खाली ओघळ आहेत, फ्रेमचं निथळायला थांबलो नाही तिथे. बाकी काही नाही. मालक खाली आला, वर बघितलं, चहा पाजला. चार हजाराचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. जुने चरे आहेत तसेच आहेत.

---

सोलर_संत्रानगरी | गुरुवार, रात्री ११:४४

मस्त भाऊ. तो अठरा इंची विकून राहिले असाल तर सांगा.

---

लेस्टरचा_लेले | गुरुवार, रात्री ११:५०

छान केलंस. मानेसाठी, काचेच्या अगदी खाली उभा राहू नकोस, दांड्याएवढं नाही पण चार पावलं मागे सर, मग वर बघायला मान कमी वाकते. ओघळ येणारच, मला पहिली दोन वर्षं यायचे.

---

काचवाला_वाकड | शुक्रवार, सकाळी ९:०५

मागे सरून बघतो. संत्रानगरी, व्यनि (खाजगी निरोप) करा, वांग्यांसकट देतो.

आता पुढचं. सोमवारी एका जुन्या सोसायटीचं बघायला चाललोय, बत्तीस फ्लॅट, सगळ्यांना बाहेरून बॉक्स ग्रिल, आत मच्छरजाळी, मग सरकती काच, आणि ग्रिलमध्ये कुंड्या. याला कुठला ब्रश?

---

दोरीवरचा | शुक्रवार, सकाळी ९:३०

दांडा घरी ठेव. दोन इंची रंगाचा ब्रश, जुना टूथब्रश, आणि रुळातली माती ओढायला व्हॅक्युम. आतूनच करायचं, एकेक घर.

---

सुलभा_फॅसिलिटी | शुक्रवार, सकाळी ९:४१

आणि कुंड्या हलवायच्या कोणी ते कोटेशनमध्ये लिहा. सही घ्या.